टिकली लावलेलं कार्ड

मी एक कार्ड बोलतोय. लग्नाचं नाही, रेशनचं नाही आणि बँकेचं तर मुळीच नाही. जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक खाच असायची, तिच्यात खोचायचं हिरवं कार्ड. तळहाताएवढा देह, खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग आणि मधोमध, कपाळावर, एक टिकली. हो, टिकलीच. हसू नका. ती नसती तर आज मी मुका असतो.

माझा जन्म धरणगावचा. कारखाना म्हणाल तर लीलाधरभाऊंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पुढे दुकान, मागे घर. टीव्हीला जोडून चालवायचे कॉम्प्युटर तेव्हा नवीनच निघाले होते. जिनिंगवाल्या एका शेठनं मुलासाठी आणलेला असाच एक बिघडला आणि भाऊंकडे आला. मुलाचं मन तोवर पतंगावर गेलं होतं, त्यामुळे तो न्यायला कोणी आलंच नाही. भाऊंनी तो दुरुस्त केला आणि मग चालू असलेल्या वस्तूचं करायचं काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच पडला.

भाऊंचा आवाज मऊ आणि ओरडायचा त्यांना भारी कंटाळा. दुकानातून मागच्या स्वयंपाकघरात चहा सांगायचा तर हातातलं काम टाकून उठावं लागे. हा त्रास वाचवण्यासाठी त्यांनी मला बनवलं. तांब्याच्या पत्र्यावर रेघा काढल्या, एका मोडक्या कार्डाचे सोनेरी दात कापून मला बसवले, रेडिओचे, टेपचे, मिळतील ते सुटे भाग जोडले. वर्षभर खपले. तेवढ्या वेळात उठून शेकडो वेळा चहा सांगून झाला असता, पण हुशार माणसाला हे कोण सांगणार?

माझ्या मधोमध काचेची खिडकी असलेली एक चिप आहे. तिच्यात भाऊंनी स्वतःचा आवाज भरला. कॉम्प्युटरची कळ दाबली, की स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून मी भाऊंच्या आवाजात म्हणायचो, "कुंदा, च्या ठेव वं!"

आतून कुंदाबाईंचं उत्तर ठरलेलं असे. "ठेवस ना! दम नही का तुमले?"

माझा संसार म्हणजे एवढाच. एक वाक्य माझं, एक त्यांचं.

दसऱ्याला दुकानातल्या हत्यारांची पूजा व्हायची. कुंदाबाईंनी सोल्डरिंग आयर्नला, मीटरला, पक्कडीला हळदकुंकू लावलं. माझी पाळी आली तेव्हा माझ्या काचेवर कुंकू काही ठरेना. त्यांनी पाकिटातून एक मोठी मरून टिकली काढली आणि त्या खिडकीवर चिकटवली. त्यांना ते माझं कपाळ वाटलं. भाऊ हसले, म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तठे काही तरी चिटकाडानंच व्हतं. ऊन लागनं का पुशी जास बठ्ठं." त्या खिडकीतून चार-आठ दिवसांचं कडक ऊन पोटात गेलं, की माझ्यातला आवाज पुसला जातो. टिकली लावणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं. देवाच्या आणि विजेच्या दोन्ही कामांना ती एकदमच उपयोगी पडली.

पुढे रंगीत टीव्ही आले, मग बिघडले तरी कोणी दुरुस्त करेना असे टीव्ही आले. भाऊ थकले. एक दिवस माझा एक सोल्डरचा टाका निघाला म्हणून त्यांनी मला कॉम्प्युटरमधून काढलं, टाका लावला आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. पुन्हा खोचायचं राहून गेलं. त्यानंतर भाऊच राहिले नाहीत.

अख्ख्या गावाचे टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या या माणसाचा आवाज कुठेच नव्हता. लग्नाच्या कॅसेटमध्ये सनई आहे, मामांचं खोकणं आहे, नवरदेव मात्र गप्प. घरोघरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागण्याआधीच ते गेले. मुलगा भूषण याने अडगळ म्हणून तो कॉम्प्युटर भंगारात दिला, तेव्हा कुंदाबाई त्याला एवढंच म्हणाल्या, "तू तुन्हा बापना आवाज इकी टाका रे." भूषण भंगारवाल्याकडे धावत गेला, पण कॉम्प्युटर तोवर फुटला होता. आवाज कॉम्प्युटरमध्ये होता असंच मायलेकांना वाटत होतं आणि मी पलीकडच्या फळीवर डब्यात पडून ऐकत होतो. कळ दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, ही माझी मोठी अडचण आहे.

यंदा भूषणने दुकान रिकामं केलं आणि तो डबाही भंगारात दिला. बापाचा आवाज बिचाऱ्याने दुसऱ्यांदा देऊन टाकला.

मी जळगावला सुकदेव भंगारवाल्याकडे पोचलो. त्याने माझे दात नखाने खरवडले. "येन्हा दातसले सोनं शे!" जळगावच्या माणसाला सोनं ओळखायला चष्मा लागत नाही. तो पक्कड शोधत असतानाच योगेंद्र आला. हा कॉलेजात शिकवतो आणि जुने घरगुती कॉम्प्युटर जमवतो. घरात माणसांना बसायला जागा नाही इतके. त्याने मला पाहिलं आणि लगेच उचललं.

मग माझी ओळखपरेड सुरू झाली. योगेंद्रने माझे फोटो काढून जगभरच्या जाणकारांच्या ग्रुपवर टाकले. एक म्हणाला, हे प्रिंटरचं कार्ड. दुसरा म्हणाला, छे, फोनचं. तिसऱ्याने मला वेधशाळेत नेऊन बसवलं, तापमान मोजणारं यंत्र म्हणून. दात एका कंपनीचे आणि बाकीचं अंग कुणाचंच नाही, यावर तर दोघांत भांडण लागलं. एकाने टिकलीवर लाल गोल करून विचारलं, ही कंपनीची खूण आहे का? मनातल्या मनात मी इतका हसलो, की माझे टाके निघायचे. चहा सांगतो हो मी, चहा!

योगेंद्रने मला त्याच्याकडच्या तसल्याच कॉम्प्युटरमध्ये खोचलं. नेहमीचा पडदा दिसला, बाकी काही नाही. माझी कळ कोणती, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला धूळ लागली असेल, असं त्याला वाटलं. मग ब्रश आणि स्पिरिट घेऊन त्याने मला असं घासलं, की भाऊंच्या हातची सगळी कळकट माया निघून गेली. टिकलीही निघाली. वर त्याने मला वाळायला गच्चीवर नेऊन ठेवलं. मे महिना, जळगावचं ऊन! शेजारी त्याच्या बायकोने, ज्योत्स्नाने, घातलेले उडदाचे पापड वाळत होते. तोंड वर करून मी उघडा पडलो आणि पहिल्यांदाच खरा घाबरलो. मी पुसला गेलो तर कुंदाबाईंकडे भाऊंचं काहीच उरणार नव्हतं.

ज्योत्स्ना पापड उलटायला आली. तिने मला पाहिलं, बाजूला पडलेली मरून टिकली पाहिली, उचलून पुन्हा लावायला गेली तर गोंद संपलेला. तिने कपाळावरची स्वतःची टिकली काढली आणि माझ्या काचेवर दाबून बसवली. बायका आरशावर लावतात ना, तशी.

नंतर पापड खाली गेले आणि मला न्यायचं योगेंद्र साफ विसरला. दहा-बारा दिवस मी गच्चीवर तापत पडलो. विद्वान माणसं विसरतात, टिकल्या विसरत नाहीत.

आठवण झाल्यावर तो धावत आला. ज्योत्स्ना त्याला म्हणाली, "अहो, जगाला काय विचारत बसलात? कोणा बाईने याची पूजा केलीय. जिने टिकली लावली तिला विचारा ना!"

सुकदेवकडून पत्ता काढून योगेंद्र कॉम्प्युटरसकट धरणगावला गेला. कुंदाबाईंनी मला हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. "टिकली मन्ही नही," त्या म्हणाल्या. "पन कार्ड त्यासनंच शे. दसराले मी लायेल व्हती, ती मोठी व्हती."

"याचं काम काय होतं, अक्का?" योगेंद्रने विचारलं.

कुंदाबाईंनी कोपऱ्यातल्या टीव्हीकडे बोट दाखवलं. त्याने मला खोचलं, जुना टीव्ही उजळला. कुंदाबाई पुढे सरकल्या. "ती लांबी पट्टी दाबेत त्या," असं म्हणून कॉम्प्युटरवरची सगळ्यात लांब कळ त्यांनी स्वतःच दाबली.

टीव्हीच्या स्पीकरमधून मी जीव खाऊन बोललो. जरा घोगरा निघालो, पण बोललो.

"कुंदा, च्या ठेव वं!"

"ठेवस ना! दम नही का तुमले?" त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि मग हात तोंडावर गेला. भूषण दारात उभा होता, तो धावतच आत आला. "आई, हा तर बाबांचा..."

कुंदाबाई रडल्या, पदराने डोळे पुसले आणि हसल्याही. "वरीसभर डोकं खपाडं आनि बोलनात काय, तं च्या ठेव!" मग आत जायला उठत म्हणाल्या, "भूषण, मी मझार जास. मंग दाब." आयुष्यभर त्यांनी मला स्वयंपाकघरातूनच ऐकलं होतं. समोर बसून ऐकायची त्यांना सवय नव्हती.

योगेंद्र मला घेऊन जायला आला होता, पण जाताना मलाही ठेवून गेला आणि कॉम्प्युटरही. तोंड जरा लहान झालं होतं त्याचं. ग्रुपवर त्याने लिहिलं, "ओळख पटली. चहाचं कार्ड आहे." अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. ज्योत्स्नाने टिकल्यांचं एक पाकीट पाठवलं. "माले काय करनं?" असं म्हणत कुंदाबाईंनी ते माझ्याशेजारी ठेवलं.

तुमच्या घरच्या डब्यात माझ्यासारखं एखादं बिननावाचं कार्ड असेल, तर भंगारात द्यायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा दाखवा, एवढंच मागणं आहे.

आता दुपार कलली, की भूषण ती लांब कळ दाबतो. मी हाक मारतो आणि आतून रोज तेच विचारणं येतं, दम नही का तुमले? आहे हो, कुंदाबाई, खूप दम आहे. एवढी वर्षं डब्यात मी दमच तर धरला. पण हे सांगायला माझ्यापाशी दुसरं वाक्य नाही. म्हणून मी पुन्हा आपलं तेच म्हणतो, "कुंदा, च्या ठेव वं!"