बिजागऱ्यांवरून उतरवलेला

मी दरवाजा बोलतोय. खडकीतल्या कामगार वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीचा. अस्सल सागवान. शेजारच्या घरांत प्लायवूडचे आले आणि पाच वर्षांत गेले. मी चाळीस वर्षं उभा आहे.

चार कुटुंबं येऊन गेली. पाचवं वैजनाथचं. तो दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासतो. बायको दीपाली, मुलगी नम्रता. खोली नम्रताची, म्हणून मीही तिचाच.

नम्रता बारावीत गेली. तिची अभ्यासाची रीत वेगळी. मला लावून घ्यायची, माझ्या आतल्या अंगावर खडूनं समीकरणं लिहायची आणि मोठ्यानं मलाच शिकवायची. चुकली की स्वतःलाच दटावायची, "बाई, पुन्हा पहिल्यापासून." मला त्यातलं काही कळलं नाही, पण ऐकून घेतलं.

बाहेर वैजनाथला नुसतं बोलणं ऐकू यायचं.

"फोनवर कोण आहे?"

"कोणी नाही, बाबा. अभ्यास करतेय."

"अभ्यासाला तोंड लागत नाही, डोळे लागतात."

बावीस वर्षं त्याचं काम एकच, उभं राहून पाहणं. नजर हटली की माल बिघडतो, हे त्याच्या हाडात मुरलेलं. जुलैतल्या एका रविवारी त्यानं पेचकस आणला आणि मला बिजागऱ्यांवरून उतरवलं.

"अहो, वयात आलेली मुलगी आहे," दीपाली म्हणाली.

"कपडे बदलायला न्हाणीघर आहे."

माझ्या आतल्या अंगाकडे न पाहताच ते भिंतीकडे करून मला गॅलरीत टेकवलं. पावसाची ओल खालून चढत राहिली.

रिकाम्या चौकटीसमोर वैजनाथ खुर्ची टाकून बसू लागला. आतला आवाज बंद झाला. पानं मात्र वेळेवर उलटत. "आता कशी शांत बसते," तो लोकांना सांगायचा. पोरगी शांत नव्हती. मुकी झाली होती.

जानेवारीत कॉलेजची सराव परीक्षा झाली. रसायनशास्त्रात सत्तरपैकी सोळा. बापानं तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मी बोर्डाला बसणार नाही. तुम्ही बघत असता तेव्हा मला पुस्तकातलं अक्षर दिसत नाही."

वैजनाथ गॅलरीत आला. आधाराला मला धरलं, मी सरकलो, आणि माझं आतलं अंग त्याला दिसलं. वरपासून खालपर्यंत खडू. एका ओळीखाली लिहिलेलं, "इथे मुलं चुकतात. नीट पाहा."

"हे काय?" त्यानं बायकोला विचारलं.

"ज्याच्याशी ती फोनवर बोलायची ना, तो हा. दाराला शिकवायची ती. तुम्ही मास्तरणीवरच पहारा बसवलात."

त्यानं माफी मागितली नाही. तशी माणसं मागत नाहीत. शेजारून रंधा आणला, माझी फुगलेली कड तासली आणि मला परत चढवलं. खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं जन्मात पहिल्यांदा माझ्यावर टकटक केलं.

"चहा आणलाय. ठेवून जातो."

"आत या," नम्रता म्हणाली. "बसा. मध्ये बोलायचं नाही."

आईबापांनो, मी लाकूड आहे, उपदेश माझं काम नाही. एवढंच सांगतो. पोर आत काय करतं ते आधी विचारा. सांगितलं, तर खरं माना.

उद्या तिचा बोर्डाचा रसायनशास्त्राचा पेपर; बसायचं तिनंच ठरवलं. निकाल काय लागेल, मला ठाऊक नाही. आत्ता तिनं मला लावून घेतलंय आणि मोठ्यानं शिकवतेय. वैजनाथ खाटेच्या कडेला बसलाय. कळत त्याला काहीच नाही. पण या वेळी तो आतल्या बाजूला आहे.