वडिलांचं सरळ केलेलं नाक

विद्यापीठाने बोलावलं तेव्हा तिने एकच अट घातली. भाषण देते, पण माझा कागद परत द्या. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढून काढून तिचं बऱ्यापैकी नाव झालं होतं, म्हणून विद्यार्थ्यांना आपली वाटचाल सांगायचं आमंत्रण आलं होतं. वाटचाल गेली खड्ड्यात! बावीस वर्षांपूर्वी शेवटच्या परीक्षेला दिलेलं चित्र तिला हवं होतं.

चित्र वडिलांचं होतं. कारखान्यात साखळी तुटून तोंडावर बसली आणि त्यांचं नाक जे डावीकडे वळलं ते वळलंच. त्यानंतर फोटो म्हटला की गृहस्थ मान फिरवायचे, नाहीतर नेमके तेव्हाच नाक पुसायला रुमाल काढायचे. लेकीसमोर मात्र चार रविवार गुमान बसले. जसं आहे तसं काढ, म्हणाले. निकाल लागायच्या आतच ते गेले.

परीक्षेचं काम परत द्यायचं नाही, असा विभागाचा नियम. तिने अर्ज केले, खेटे घातले, कारकुनांच्या नाकदुऱ्या काढल्या. दरवेळी हात हलवत परत. आई अजून विचारते. त्यांचा चेहरा आता धड आठवत नाही गं, म्हणते.

सभागृह भरलं होतं. मंचावर तिचे जुने सर होते, आता निवृत्त झालेले. त्यांनीच मोठ्या झोकात फ्रेमवरचं कापड ओढलं. टाळ्या पडल्या. तिने पाहिलं.

पेन्सिलीच्या रेषांवरून जाड लाल मार्कर फिरवलेला होता. भुवयांपासून ओठांपर्यंत सरळसोट नाक. विद्यार्थ्याच्या कागदावरच दुरुस्ती करायची सरांची खोड सगळ्यांना ठाऊक होती, पण परीक्षेचा कागदही त्यांनी सोडला नसेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि मार्कर खोडता येत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

"हात चांगला होता हिचा," सर माइकवर कौतुकाने सांगत होते. "फक्त नाक चुकलं होतं. तेवढं मी बसवून दिलं."

लोक हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने माइक जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि सगळं सांगितलं. साखळी, रुमाल, चार रविवार, बावीस वर्षं. आवाज कापत होता, पण तो रडू येत होतं म्हणून नव्हे.

सरांनी एकदा चित्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "तेव्हा सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतं."

विभागप्रमुख लगबगीने उठले. चित्र दोन महिने विभागाच्या दारात लावू, मग पाठवून देऊ, अशी सारवासारव करू लागले. तिने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फ्रेम उचलली, काखेत मारली आणि पायऱ्या उतरली. पुढच्या रांगेतल्या पोरांनी पाय आवरून तिला वाट दिली.

बसमध्ये ती फ्रेम उलटी करून मांडीवर घेऊन बसली. संताप अजून उतरत नव्हता. एवढ्यात आईचा फोन आला.

"मिळाले का गं ते?"

तिने फ्रेम घट्ट धरली.

"नाही, आई," ती म्हणाली. "नाही मिळाले."