हुंग्या

शब्दकोशाच्या कचेरीत 'ह'चं काम चालू होतं. तिथल्या एका संपादिकेच्या टेबलावर कार्ड आलं: 'हुंग्या – खासगी गुप्तहेर (बोलीभाषेत, हेटाळणीने).' वापराच्या उदाहरणाची जागा कोरी होती. तिला ते शोधायला लांब जावं लागणार नव्हतं. तिच्या वडिलांनी चौतीस वर्षं हाच धंदा केला होता.

रविवारी ती माहेरी गेली तेव्हा वडील मांडीवर ताट घेऊन मटार सोलत होते. तिचा प्रश्न ऐकून त्यांना हसू फुटलं. म्हणाले, वास काढत फिरतो तो हुंग्या. समोर सगळे साहेब म्हणायचे, पाठ वळली की हुंग्या. लग्नाआधी मुलाची माहिती काढून घ्यायला येणारे तर जिन्यातच विचारायचे, हुंग्या घरी आहे का म्हणून.

"म्हणजे हेटाळणीच की, बाबा."

"बहुतेकदा. एक बाई हुंग्याच म्हणते, पण हेटाळणीने नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ती बाई लाँड्री चालवायची. तिची धाकटी बहीण भांडून घर सोडून गेली, त्याला सहा वर्षं झाली, तेव्हा तिने शोधाचं काम बाबांकडे दिलं. माग काय, तर बहीण डावखुरी, शिवणकाम करणारी, शर्टाची काजं उलट्या बाजूने घालणारी. बाबांनी आसपासच्या गावांतल्या एकेका शिंप्याकडे शर्ट शिवायला टाकला. आईने कपाळाला हात लावला. कपाटात अकरा शर्ट जमले, बाराव्याची काजं उलटी निघाली.

धाकटीने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि बजावलं, ताईला माझा पत्ता द्यायचा नाही. बाबा पेचात पडले. परत येऊन थोरलीला त्यांनी एवढंच सांगितलं की ती सुखरूप आहे, पत्ता मागू नका. थोरली खवळली. भर दुकानात म्हणाली, कसला हुंग्या तुम्ही, वास लागला आणि शेपूट घातलंत.

बाबांनी आपला शर्ट तिच्याकडेच इस्त्रीला टाकला. मग दर महिन्याला काहीतरी शिवायचं निमित्त काढून ते धाकटीकडे जायचे. जाताना अंगात थोरलीने इस्त्री केलेला शर्ट असायचा. विषय काढायचे नाहीत. आठव्या खेपेला धाकटीने त्यांच्या कॉलरवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "ताईचे गुडघे अजून दुखतात का हो?"

पुढच्या आठवड्यात ती आपणहून लाँड्रीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"इतकी वर्षं हे बोलला नाहीत कधी," लेक म्हणाली.

"त्यांच्या घरातलं होतं ते. हुंग्याने वास काढावा, गावभर वाटू नये."

तिला तो शब्द त्या बाईच्या तोंडून ऐकायचा होता. दुपारी दोघं चालत लाँड्रीत गेली. आत वाफ दाटली होती. थोरली चादरींच्या घड्या घालत होती, कोपऱ्यात धाकटीचं मशीन चालू होतं. दोघींचे केस पांढरे झाले होते.

बाबांना पाहताच थोरलीने आवाज दिला, "अगं, आपला हुंग्या आलाय. लेकीला घेऊन आलाय. खुर्ची पूस."

लेकीने वही काढली. पण लिहायला सवड मिळेना. थोरलीने तिला जवळ बसवून विचारायला सुरुवात केली, हा रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतो का, सकाळी फिरायला जातो का, की नुसता पेपर वाचत बसतो. बाबा डोळ्यांनी नको नको म्हणत होते. लेकीने सगळं खरं सांगून टाकलं. धाकटीने मशीन थांबवलं आणि दोघी बहिणी मिळून त्यांना रागवू लागल्या.