हातात नेलेलं रक्त

दादाला हळू चालणं माहीतच नव्हतं. पार्सलची व्हॅन चालवायचा, आणि व्हॅनमधून उतरला तरी पाय ॲक्सिलेटरवरच असल्यासारखा धावायचा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण याला बघूनच कोणीतरी केली असावी, असं त्याची धाकटी बहीण म्हणायची. पन्नाशी आली तरी नवरा व्हायचा योग काही आला नाही, हेही तीच वर जोडायची.

आज ही बोलभांड धाकटी हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. बरेच दिवस डोकं जड, डोळ्यांपुढे धूसर आणि जिना चढताना धाप. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, म्हणून तिला वाटलं, आपलाच नंबर वाढला असेल. सकाळी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी तीन लाख ऐंशी हजार! निरोगी माणसात त्या दहा-अकरा हजारांच्या वर जात नाहीत. रक्ताचा कर्करोग, डॉक्टरांनी सांगून टाकलं.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, एवढं दादाला शाळेतलं आठवत होतं. मग इतकी मोठी फौज असताना घाबरायचं कशाला, असं त्याने वॉर्डातल्या तरुण डॉक्टरला विचारलंही.

"फौज कसली, नुसती गर्दी आहे ही," डॉक्टर म्हणाला. "सगळ्या कच्च्या, बिनकामाच्या पेशी. त्यांच्यामुळे रक्त दाट झालंय."

दुपारी दुसरा रिपोर्ट आला आणि त्या पोराचा चेहराच उतरला. रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. इतकं वाढलं की हृदय कधीही बंद पडू शकतं, म्हणाला. ते खाली आणायचं औषध सिस्टरने सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलं, पण द्यायच्या आधी मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारू म्हणून तो फोन लावायला लागला.

"अहो, विचारता काय? द्या की!" दादा ओरडला. "माझी बहीण मरायची वाट बघताय का?"

शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंनी दचकून डोळे उघडले. सिस्टरने ट्रे उचलला. तरुण डॉक्टरने फोन ठेवला आणि तोही खाटेकडे वळला. दादाच्या आवाजाला भलेभले बिचकायचे, तिथे या पोराची काय कथा. पण तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतःच आत आल्या.

त्यांनी रिपोर्ट पाहिला, मग हृदयाचा आलेख पाहिला, मग धाकटीची नाडी धरली. "पोटॅशियम खरंच एवढं असतं, तर आलेख इतका व्यवस्थित आला नसता," त्या म्हणाल्या. "रक्त लॅबला कसं पाठवलं?"

"नेहमीसारखंच. नळीतून," सिस्टर म्हणाली.

वॉर्डाच्या भिंतीत एक जाड नळी होती. नमुना डबीत घालायचा, कळ दाबायची, की हवेच्या जोराने डबी सुसाट थेट लॅबमध्ये. दादाला सकाळपासून त्या हॉस्पिटलात आवडलेली ती एकमेव गोष्ट.

"तिथेच घोळ झाला असणार," बाई म्हणाल्या. "या कच्च्या पेशी नाजूक असतात. नळीत धडका बसल्या की फुटतात आणि त्यांच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर सांडतं. ते हिच्या अंगात वाढलेलं नाही, वाटेत वाढलंय, असं मला वाटतं. पुन्हा रक्त घ्या. या वेळी हातात न्यायचं."

वॉर्डबॉय एक पेशंट घेऊन एक्स-रेला गेला होता. बाईंनी दादाकडे पाहिलं. "लॅब समोरच्या इमारतीत आहे. पळायचं नाही, हलवायचं नाही, वाटेत रेंगाळायचं नाही."

"याच्या हातात देताय?" धाकटी क्षीण आवाजात म्हणाली. "मग दुसरा हातही पुढे करून ठेवते. पुन्हा टोचावं लागणार."

"आणि तुमचं चुकत असेल तर?" दादाने बाईंना विचारलं.

"मी इथून हलत नाही. आलेख जरा बिघडला तर त्या क्षणी इंजेक्शन देते."

दादा निघाला. छातीशी नव्याने काढलेल्या रक्ताची छोटी ट्यूब, अजून कोमट. प्रत्येक पावलाला वाटत होतं, पळावं. मागे धाकटी, पुढे लॅब, आणि पायांना सक्त मनाई. जिन्यात एक माणूस दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला, तसा दादा भिंतीला चिकटला. "सावकाश हो, साहेब!" त्याच्या तोंडून निघालं. हे शब्द त्याने जन्मात कोणाला म्हटले नव्हते. अंगणात एक ढकलगाडी आडवी होती. एरवी त्याने ती लाथेने सरकवली असती. आज वळसा घालून गेला. तो भयंकर घाबरला होता. बहिणीचा जीव आपल्या मुठीत आहे आणि मूठ आवळायचीही सोय नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

लॅबवालीने ट्यूब घेतली, लगेच मशीनवर लावली आणि वॉर्डात फोन केला. दादा परत आला तेव्हाही हळूच चालत होता. आत काय ऐकावं लागेल, याची त्याला धास्ती होती.

"तीन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जास्त तर नाहीच, उलट थोडं कमीच आहे." सिस्टर ट्रे परत घेऊन चालली होती.

दादाने त्या सिरिंजकडे बोट दाखवलं. "ते दिलं असतं तर?"

बाईंनी उत्तर टाळलं नाही. "पोटॅशियम आणखी खाली गेलं असतं. मग हृदय खरंच बंद पडू शकलं असतं." त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या पुढे म्हणाल्या, "आता पेशी कमी करायचं औषध सुरू करतोय. लढाई मोठी आहे, पण आजचा धोका टळला."

दादा खाटेशेजारच्या स्टुलावर मटकन बसला.

"काय रे, तोंड का पाडलंस?" धाकटीने विचारलं.

"मी सांगत होतो तसं केलं असतं ना, तर तू आता नसतीस," तो म्हणाला. "मीच मारलं असतं तुला."

धाकटीने सलाइन लावलेला हात जपून उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"वेडा आहेस का, दादा? तुझं कोणी ऐकत नाही, म्हणून तर आपलं घर आजवर टिकलंय."

तो हसायला गेला आणि सगळ्या वॉर्डासमोर हमसून हमसून रडला.