उजेडाला सांगितलं

मालननं कोयता केळीच्या बुंध्यात असा हाणला की आख्खं झाड हादरलं. समोर बावखलाच्या, वाडीच्या तळ्याच्या, पलीकडच्या काठावर मुरुमाचा ढीग पडला होता आणि उद्या सकाळी आणखी डंपर येणार होते. वटारच्या या वाडीला दुसरं पाणी नाही. हे तळं बुजलं की केळी गेली, मोगरा गेला, पानवेल गेली. मग काय, वाळलेल्या खुंटांची आरती ओवाळायची?

बावखल दोघा भावांचं सामायिक. धाकटा, म्हणजे मालनचा नवरा, गेल्या वर्षी वारला. थोरले भालचंद्र पलीकडच्या काठावर राहायचे आणि बावखल बुजवून तिथे लग्नाचा हॉल बांधायचं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. मालन बोलणार कशी? भासऱ्यांशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही सासूची शिस्त. लग्न झाल्यापासून जे सांगायचं ते नवऱ्याच्या तोंडून, नाहीतर भिंतीकडे बघून मोठ्यानं. लेकी बोले सुने लागे, तसलाच प्रकार. आता नवरा नव्हता आणि मधे भिंतही नव्हती, नुसतं पाणी होतं.

"आई, ये ना इकडे. टेस्ट करायचीय," तिची मुलगी रिद्धी काठावरून म्हणाली.

तिथे स्टुलावर विज्ञान प्रदर्शनाचं खटलं मांडलेलं होतं. एक माइक, माणिकपूरहून आणलेला लेझर आणि वायरींचा गुंता. पलीकडच्या ओट्यावर भालचंद्रांचा मुलगा विपुल छोटं सोलर पॅनल धरून बसला होता. पॅनलला स्पीकर जोडलेला. माइकमध्ये बोललं की लेझरचा उजेड आवाजाप्रमाणे कमीजास्त होतो, पॅनल त्या उजेडाची वीज करतं आणि स्पीकर बोलायला लागतो. मधे हात धरला की आवाज बंद. आठवडाभर रिद्धीनं हेच ऐकवून आईचं डोकं खाल्लं होतं.

विपुलच्या मागे खुर्चीत भालचंद्र निवांत पेपर वाचत होते. ते बघून मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय बोलू?"

"काहीपण. हॅलो बोल."

मालननं माइक घेतला. पलीकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघायची तशी लेझरच्या नळीकडे बघत राहिली.

"माणसं म्हणे वयानं मोठी असतात," ती म्हणाली. "भावाच्या तेराव्याला ढसाढसा रडतात आणि वर्ष फिरलं की त्याच्याच झाडांचं पाणी तोडतात."

रिद्धीचा हात स्विचकडे गेला. मालननं तो बाजूला सारला.

"दर उन्हाळ्यात यातला गाळ कोण काढायचं? थोरल्यांची पाठ दुखायची, धाकटा एकटा उतरायचा. त्याचा घाम मुरुमाखाली गाडायला निघालेत. बाईमाणूस, काय बोलणार, असंच ना? गिळलं, सगळं गिळलं मी. आता गिळवत नाही."

तिचाच आवाज पलीकडच्या स्पीकरमधून खरखरत येत होता. विपुलनं मान खाली घातली होती, पण पॅनल हलू दिलं नव्हतं. भालचंद्रांनी पेपर ठेवला आणि ते पायऱ्या उतरून पार पाण्यापर्यंत आले.

"विपुलच्या हाती निरोप धाडला होता," ते गरजले. "भराव घालतोय, हरकत असेल तर कळवा म्हणून. किती दिवस वाट बघितली. इकडून ब्र नाही. सून गप्प म्हणजे तिची संमती, आपल्या घरात असंच धरत आलोत."

मालनचे कान तापले. निरोप आला होता, हे खरं. ती पुन्हा माइकलाच म्हणाली, "पोराला बिनचहाचं परत पाठवलं, तेव्हा कळलं नाही? या घरातून कोण कधी बिनचहाचं गेलंय?"

"मला वाटलं, दूध संपलं असेल."

इतका मोठा नकार तिनं पाठवला होता, आणि पलीकडे तो दुधावर खपला होता. रागानं तिला हसू आलं, मग हसण्याचाच राग आला.

तिनं माइक स्टुलावर ठेवला, लेझरपुढून चालत पाण्याच्या कडेला गेली आणि लग्नानंतर पहिल्यांदा भासऱ्यांच्या तोंडाकडे सरळ बघितलं.

"हरकत आहे," ती म्हणाली.

काही ओरडावं लागलं नाही. अंतर तेवढंच होतं.

नजर आधी भालचंद्रांनी वळवली. "डंपरवाल्याला शब्द दिलाय मी," ते पाण्याकडे बघत पुटपुटले.

"मग मोडा. आणि बसा खाली, माझं अजून संपलेलं नाही."

भालचंद्रांनी एकदा विपुलकडे बघितलं, एकदा रिद्धीकडे. मग गुडघ्यावर हात टेकत ते पायरीवर बसले.