ओहोटीचा तास

विज्ञानाच्या बाई सातवीत शिकवायला लागल्या की खालच्या मजल्यावरच्या बालवाडीतली पोरं झोपेतून दचकून उठायची. आपल्या आवाजाचा बाईंना अभिमानच होता. दरवर्षी त्या सातवीला शाळेमागच्या खाडीवर न्यायच्या, तेही या आवाजाच्या जिवावर. पोरं चहूकडे पांगलेली, आणि बाई खारफुटीच्या झाडांसमोर उभ्या राहून गरजायच्या, "ही बिळं बघा! यात खेकडे राहतात!" पोरं बिळं बघायची. खेकडा मात्र कधी कुणाच्या नजरेला पडला नाही. बाई सांगतात म्हणजे असणारच, असं म्हणत सगळे घरी जायचे.

त्या वर्षी बाईंच्या घशात गाठ आली. आधी आवाज घोगरा झाला, मग घास गिळताना दुखायला लागलं. घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना भीती कॅन्सरचीच होती. शस्त्रक्रिया झाली आणि गाठ साधी निघाली. ते ऐकून बाईंना रडू आवरेना. डॉक्टर म्हणाले, "रडा हवं तेवढं, पण बिनआवाजाचं. महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही."

आली का पंचाईत! खाडीची सहल नेमकी त्याच महिन्यात. मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या बाई, पुढच्या वर्षी नेऊ." बाईंनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'पुढच्या वर्षी ही मुलं आठवीत असतील.' मुख्याध्यापकांनी सहलीच्या कागदावर सही केली.

मदतीला धावून आली ती थोरली नणंद. तिचा जन्म बसच्या कंडक्टरकीत गेलेला. "वहिनी, तू नुसतं लिहून दे. ओरडायचं काम माझं."

ओहोटी लागली तशी वरात निघाली. "चला, पुढे सरका, दारात गर्दी नको!" करत नणंदेनं पोरांना चिखलाच्या काठाशी आणलं, घसा खाकरला आणि कागद उघडला. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि कागद थेट पाण्यात.

"गेला की गं!" नणंदेनं कपाळावर हात मारला. "आता मी काय सांगू यांना? मला खेकडा ठाऊक तो फक्त कालवणातला!"

पोरं खिदळली. फुटबॉलची कप्तान असलेली उंच मुलगी पुढे आली. "बाई, मग आम्ही काय करायचं?"

बाईंनाही ते ठाऊक नव्हतं. काहीच सुचेना म्हणून त्या होत्या तिथेच उकिडव्या बसल्या आणि ओठांवर बोट ठेवलं. आजारातून उठलेली बाई मुकाट बसलेली बघून पोरांना काय वाटलं कोण जाणे, तीही एकेक करून खाली बसली. हालचाल थांबली. नणंद काहीतरी बोलायला गेली, तर कप्तान मुलीनंच तिला दटावलं, "शू!"

बराच वेळ काही घडलं नाही. मग एका बिळाच्या तोंडाशी दोन डोळे वर आले. शेजारी आणखी दोन. हळूच एक खेकडा बाहेर पडला, एक नांगी इवलीशी आणि दुसरी अंगाएवढी मोठी. बघता बघता सगळा चिखल जिवंत झाला. मोठ्या नांग्या वर-खाली हलायला लागल्या.

"बाई, तो टाटा करतोय," एकजण पुटपुटला.

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. इतकी वर्षं त्या या चिखलावर उभ्या राहून शिकवत होत्या, आणि आज पहिल्यांदा त्यांना हे दिसत होतं.

पोरं कुजबुजत एकमेकांना दाखवायला लागली. खेकडे चिखल उचलून तोंडाशी नेतात, त्यातलं खाणं तेवढं ठेवतात, उरलेल्याच्या गोळ्या करून टाकतात, हे त्यांनी आपलं आपण शोधून काढलं. बाईंनी काडीनं चिखलात चित्र काढलं: बीळ, त्यातून खाली मुळांपर्यंत जाणारी हवा, शेजारी झाडाची मुळं, मुळांत लपलेली माशांची पिल्लं.

कप्तान मुलगी चित्राकडे बघत राहिली, मग मान वळवून पलीकडे. तिथे चिखलातच बांबू रोवलेले होते. तो त्यांच्या फुटबॉलचा गोल.

"आपण रोज यांच्या डोक्यावर नाचतोय," ती हळूच म्हणाली.

"मग खेळायचं कुठे? तुझ्या अंगणात?" एक मुलगा फणकारला.

"बर्फाच्या कारखान्यामागे."

"तिथे नुसते दगड आहेत!"

"मग वेचू. हात आहेत ना?"

थोडी तणतण झाली, पण ती मुलगी उठून बांबू उपटायला लागली, तसे बाकीचेही गेले. फणकारलेला मुलगा सगळ्यात शेवटी गेला, पण बांबू खांद्यावर घेतला त्यानंच. बाईंनी यातलं काही सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं.

शाळेत परतल्यावर बाई फाटकाजवळच्या नळाशी थांबल्या. त्यांनी पाइप हातात घेतला, कप्तान मुलीला खुणेनं बोलावलं आणि वाकून तिच्या पायांवरचा चिखल धुवायला लागल्या.

"बाई, असू द्या, आम्ही धुतो ना!" मुलगी लाजून चूर झाली.

बाईंनी नुसती मान हलवली. आतून दाटून आलेलं सांगायला त्यांच्याकडे तेवढाच मार्ग होता. एकेक करून त्यांनी सगळ्या वर्गाचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतला गाळसुद्धा काढला. पोरंही गुमान रांगेत उभी राहिली.

रांग संपली म्हणून त्या कंबर सरळ करायला उठल्या, तर समोर नणंद उभी. लुगडं घोट्यांच्या वर उचललेलं, पाय चिखलानं माखलेले.

"काय बघतेस वहिनी? मी काय फुकट आले होते?"