तक्रारीचा रकाना

मित्रांनो, शाळेत तुम्ही झाडावर, नदीवर, फाटक्या पुस्तकावर निबंध लिहिता. ते लिहिताना कागदाखाली मी असतो. माझ्यावर आजवर कुणी निबंध लिहिलेला नाही. राग नाही, फक्त नोंद करतो. मी एक जुनं परीक्षेचं पॅड आहे. तपकिरी अंग, वर पत्र्याची क्लिप, क्लिपच्या डाव्या टोकाला थोडा गंज.

लाकडाचा भुसा शिजवून, दाबून आणि कापून मला तयार केलं. त्याच दिवशी माझ्याबरोबर आणखी चार हजार जण जन्माला आले, त्यामुळे स्वतःबद्दल मला फार मोठे गैरसमज कधी झाले नाहीत. लेखनाच्या क्षेत्रात हा गुण दुर्मीळ असतो, हे मला पुढे कळलं.

एका मुलीने परीक्षेच्या आदल्या दिवशी मला विकत घेतलं. सहा वर्षं मी तिच्या मांडीवर होतो. कर्कटकाने तिने माझ्या पाठीवर सतराचा पाढा कोरला, तोही चुकीचा. शाळा संपली आणि माझी रवानगी फ्रीजच्या मागे झाली. तिथे मी दोन वर्षं झुरळांना आडोसा दिला.

मला बाहेर काढलं ते तिच्या आईने. त्या दातांच्या एका दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसायच्या. फोन घ्यायचा, वेळ द्यायची, नवा पेशंट आला की त्याच्या हातात फॉर्म द्यायचा. नाव, वय, पत्ता, आणि खाली एक मोठा रकाना: तक्रार. दवाखान्यातलं पॅड मोडलं होतं, म्हणून मी नोकरीला लागलो.

बाईंना कादंबरी लिहायची होती. अकरा वर्षं लिहायची होती. फॉर्मच्या गठ्ठ्याखाली कादंबरीचे कागद असायचे. आत डॉक्टरांचं मशीन घरघरायला लागलं की बाई फॉर्म उलटायच्या आणि लिहायला घ्यायच्या. घरघर थांबली की फॉर्म पुन्हा वर. एका दाढेत साधारण अर्धं पान व्हायचं. अक्कलदाढ अवघड निघाली तर पाऊण.

कादंबरी होती नदीवरच्या बोटीत तिकिटं फाडणाऱ्या एका बाईची. रोज अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे. सतराव्या पानावर ती पलीकडच्या धक्क्यावर उतरते आणि परत बोटीत चढतच नाही. इथे पहिलं प्रकरण संपतं आणि इथेच घोडं अडलेलं. ती उतरून गेली कुठे, हे आमच्या बाईंनाच ठाऊक नव्हतं. मग त्या पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला घ्यायच्या. नदी आधी हिरवी होती, मग राखाडी झाली, मग परत हिरवी. माझ्या अंगावर हे प्रकरण बावीस वेळा लिहून झालं. त्याआधीचा आकडा फ्रीजला माहीत असेल.

संध्याकाळी मी पिशवीतून घरी जायचो. तिथे नणंद आलेली असली की चौकशी व्हायची.

"वहिनी, अगं अकरा वर्षांत माझी तीन बाळंतपणं झाली. तुझं एक प्रकरण पुढे सरकेना!"

"तुझी तीन झाली म्हणूनच सरकेना. पोरं सांभाळत कोण होतं?"

नवरा ताटातून मान वर न करता म्हणायचा, "काय मग, नदी ओलांडली का?"

"आधी टीव्हीचा आवाज कमी करा, मग ओलांडते."

सगळे हसायचे. बाईही हसायच्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांचं पेन कागदावर जास्त रुतायचं, आणि ते मला कळायचं.

एका मंगळवारी बाईंनी ठरवलं की आता पुरे. सतरा पानं रद्दीत टाकायची आणि कोऱ्या कागदांवर भाजीच्या याद्या करायच्या. क्लिप उघडून त्यांनी सोळा पानं काढली. तेवढ्यात फोन वाजला, आणि त्याच वेळी गालावर हात धरून एक नवे पेशंट दारात उभे राहिले. बाईंनी घाईघाईत माझ्यावर फॉर्म लावला आणि मला त्यांच्या हातात दिलं. फॉर्मखाली सतरावं पान तसंच राहिलं.

दुसरा कुणी असता तर नाव-वय लिहून मोकळा झाला असता. हे काका मात्र वजनमापं तपासणारे निवृत्त निरीक्षक होते. दुकानदारांची मापं उलटी करून खाली मेण चिकटवलंय का ते बघण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. त्यांनी फॉर्म भरला आणि सवयीने मलाही उलटून पाहिलं. पाढा चुकलाय असं पुटपुटले. मग फॉर्मखालचं पान सावकाश वाचलं, परत पेन काढलं आणि मला बाईंपुढे ठेवलं.

तक्रारीच्या रकान्यात दोन ओळी होत्या. एक, उजवीकडची खालची दाढ. दोन, बाई धक्क्यावर उतरून गेली कुठे?

बाईंचा चेहरा उतरला. "काका, ते चुकून आलं. ते काही नाही, आपलं असंच."

"असंच कसं? शेवटची फेरी आहे. हातात तिकिटांचं पुस्तक आहे. गेली कुठे ती?"

"मलाही माहीत नाही."

"लिहिलंय कुणी?"

"मीच."

"मग अर्धा माल गिऱ्हाइकाच्या हातात देऊन माहीत नाही म्हणता? आमच्या काळी याला दंड होता."

आतून डॉक्टरांची हाक आली. काका बाहेर आले तेव्हा त्यांचा अर्धा जबडा बधिर होता, तरी ते बोललेच. "रूट कॅनाल आहे. चार खेपा, दर मंगळवारी. तोवर शोधून ठेवा तिला."

पुढच्या मंगळवारपर्यंत बाईंनी दोन पानं लिहिली. वाईट होती. काकांनी ती वाचली आणि एका फॉर्मवर शेरा मारला: "पान अठरा वजनात कमी. हमाल कारण नसताना तीनदा खोकतो. पुढे?"

"चढेल खडूस आहे मेला," बाई कंपाउंडरला म्हणाल्या आणि विसावं पान लिहायला बसल्या. पुढचा मंगळवार सातच दिवसांवर असल्यामुळे नदीचा रंग बदलायला वेळ नव्हता.

चार खेपा संपल्या. मग काकांनी दाढेला टोपी बसवून घेतली, मग सगळे दात साफ करून घेतले. मग डावीकडची दाढ दाखवली.

"काका, ही उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले.

"तरी नीट बघा. मी मंगळवारी येतो."

असं करत आम्ही एकशे बाराव्या पानापर्यंत पोचलो. त्या दिवशी काका म्हणाले, "आता तोंडात दाखवण्यासारखं काही उरलं नाही. लेकीकडे चाललोय राहायला, लांब आहे. मंगळवार चुकवू नका."

"आणि वाचणार कोण?"

"आधी लिहिणार कोण ते बघा. एक कोरा फॉर्म द्या मला." तो घडी करून त्यांनी खिशात ठेवला, लेकीचा पत्ता टेबलावरच्या वहीत लिहिला आणि गेले.

पुढच्या मंगळवारी आत मशीन घरघरू लागलं. बाईंनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवीतून पहिलं पान काढलं, माझ्यावर लावलं आणि "हिरवी" हा शब्द खोडला. मी पॅड आहे, पेन अडवू शकत नाही.

बाई बराच वेळ त्या खोडलेल्या शब्दाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एक कोरा फॉर्म घेतला. नाव स्वतःचं, वय खरं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं: "आज मंगळवार. पान एकशे तेरा कुठे आहे?" तो फॉर्म क्लिपमध्ये सगळ्यात वर अडकवला आणि एकशे तेरावं पान सुरू केलं. पुढची दोन वर्षं तो फॉर्म तिथेच होता. कडा काळ्या पडल्या, तरी काढला नाही.

कादंबरी तीनशे चाळीस पानांवर संपली. ती बाई कुठे गेली हे मी सांगणार नाही. एवढी मेहनत तुम्हाला फुकटात सांगायला केलेली नाही. दोन प्रकाशकांनी ती परत पाठवली, तिसऱ्याचं उत्तर अजून यायचं आहे. नणंदेने मात्र पूर्ण वाचली, आणि त्यानंतर बाळंतपणांचा विषय निघालेला नाही.

एक झेरॉक्स प्रत काकांना गेली. महिन्याने पाकीट आलं. आत घडी घातलेला आमचाच फॉर्म. नाव, वय, पत्ता, सगळं नीट भरलेलं. तक्रारीच्या रकान्यात दोन ओळी.

"एक, पान दोनशे सहावर हमाल परत खोकला.

दोन, संपली."

बाईंनी तो फॉर्म चार वेळा वाचला. मग डोळे पुसून फोन घेतला आणि कुणालातरी सव्वाअकराची वेळ दिली.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. परीक्षा संपली की पॅड फ्रीजमागे टाकू नका. क्लिपला वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. काही लिहीत असाल तर नदीचा रंग सगळ्यात शेवटी ठरवा. आणखीही सांगितलं असतं, पण आत मशीन सुरू झालंय, आणि बाईंनी माझ्यावर कोरा कागद लावून कोपऱ्यात एक आकडा घातलाय.